माझ्या वाटणीचा नांगर

माझ्या वाटणीचा नांगर दुसऱ्यानं धरला, म्हणून मी शाळेत गेलो. हे वाक्य मी आजवर कुठल्याही सत्कारात उच्चारलेलं नाही. संगणकातल्या कामासाठी मला एक मोठा पुरस्कार मिळाला आणि सत्कारांची रांग लागली. गोंदियातही एक झाला. मागे कापडी फलक, त्यावर माझ्या नावाआधी ‘आदिवासी समाजाचे सुपुत्र’, आणि हिंदीतून भाषणं ठोकणारे शेठ. अशा ठिकाणी मी काय सांगतो ते ठरून गेलेलं आहे. सालेकसा स्टेशनापर्यंतची जंगलातली पायवाट, कोळशाच्या इंजिनाची पॅसेंजर, वसतिगृहातली पातळ डाळ, गणिताचे गुरुजी. लोक टाळ्या वाजवतात. यातलं खोटं काहीच नाही. फक्त या गोष्टीत मी एकटाच चालत असतो, आणि मी एकटा नव्हतो.

आम्ही गोंड. घरात गोंडी चाले, गावात झाडीबोली, गोंदियाला गेलं की हिंदी. इथं घरातलं बोलणं मी झाडीत उतरवतो आहे, कारण जसंच्या तसं गोंडीत आठवावं इतकी गोंडी आता माझ्याजवळ उरलेली नाही. तीही गेली, इतर गोष्टींसारखी.

देश स्वतंत्र व्हायच्या सुमारास मी गावच्या शाळेत होतो. आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, बऱ्यापैकी होत्या, पण घरात कामाचे हात कमी. बा, माय, माझ्याहून मोठी बहीण आणि मी. बहिणीला मी बाई म्हणत असे. चौथी झाली तशी बानं मला नांगरावर घ्यायचं ठरवलं. पुढच्या शाळेचा विषय माझ्यापुरता तिथंच संपला होता. तेवढ्यात आमच्याकडे लमसेना आला.

लमसेना म्हणजे काय ते आता आमच्याच पोरांना सांगावं लागतं. मुलीच्या बापाला लग्नात देज द्यायची ज्याची ऐपत नाही, तो मुलगा मुलीच्या घरी येऊन राहतो आणि ठरलेली वर्षं राबतो. नांगर धरतो, बैल सांभाळतो, जंगलातून लाकडं आणतो. वर्षं भरली की मुलीच्याच दारात मांडव पडतो आणि मग बायकोला घेऊन तो आपल्या गावी जातो. मध्येच सोडून गेला तर केलेली मेहनत बुडाली आणि मुलगीही गेली. कागद नाही, सही नाही. चार पंचांसमोर बोलणं होतं, तेवढंच.

तो आला तेव्हा वीसेक वर्षांचा असेल. दरेकशाच्या बोगद्यापलीकडच्या गावचा, आईबाप नसलेला. सात वर्षं ठरली. पहिल्या दिवशी त्यानं कोठ्यातल्या दोन्ही बैलांच्या मानेवरून हात फिरवला आणि मला विचारलं, “कोन्ता मारते?”

मी म्हटलं, “डावा.”

“अन् तू?”

माय चुलीपाशी हसली. मी लाजलो. त्या दिवसापासून तो मला सालेबुवा म्हणायला लागला. मी त्याला भाटो म्हणायला गेलो, आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भाटो म्हणतात, तर मायनं डोळे वटारले. “मांडव पडू दे. मंग भाटो मन.” म्हणून घरात मी त्याला कुठल्याच नावानं हाक मारत नसे. बांधीवर गेलं की भाटो.

त्याच्यामुळं माझी शाळा वाचली. बा म्हणाला, “आता हा हाये तं तू जाय शाळेत. हा हाये तोवर.” त्या ‘तोवर’कडे माझं त्या वयात लक्ष गेलं नाही.

मी आधी आमगावला, मग गोंदियाला गेलो. सुट्टीत घरी आलो की बाई आणि तो यांचं काय चाललंय ते मला दिसे. चारचौघांत ते बोलत नसत, तशी रीत नव्हती. ती ताटात भात वाढी आणि तो ताटाकडे पाहून म्हणे, “मामी, आज मीठ कोनी टाकलन? हात जड हाये तिचा.” मामी म्हणजे माझी माय. तिला सगळं कळे. बाई रागानं पाण्याचा तांब्या असा आदळी की पाणी त्याच्या मांडीवर. तो म्हणे, “घे, आता जेवन बी झालं न् आंघोळ बी.” चैतात मोहफुलं वेचायला ते पहाटे एकाच झाडाखाली असत. तिच्या येण्याआधी तो झाडाखालचा पालापाचोळा झाडून ठेवी, म्हणजे फुलं मातीत पडत नसत. इतर पोरी तिला चिडवत, “तुया नौकर आला का झाडून?” ती म्हणे, “नौकर कायले, फुकटचा हाये.” आणि टोपली भरून झाल्यावरही उगाच बसून राही.

सात वर्षं भरत आली तेव्हा मी मॅट्रिकला होतो. वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर देवरीपलीकडचा एक मुलगा असे. तोही गोंड. गुरुजींनी मला बोलावून सांगितलं होतं की पास झालास तर नागपूरच्या कॉलेजात तुझी सोय होईल, स्कॉलरशिपही मिळेल. गणिताखेरीज मला दुसरं काही सुचत नव्हतं. माघात घरी आलो तेव्हा बा सपरीत, म्हणजे पडवीत, बसून दोर वळत होता. मी नागपूरचं बोललो. तो मान वर न करता म्हणाला, “वैशाखात बाईचं लगन. लमसेना तिले घेऊन जाईल. मंग नांगर कोन धरते? मी?”

“गडी ठेव ना, बा.”

“गडी ठेवाले तुया नागपूर पैसे देऊन राहिला का?”

मग समजावणीच्या सुरात म्हणाला, “लय शिकलास. आता पुरे.”

त्या रात्री मी रडलो वगैरे नाही. मी विचार केला. विचार करणं मला चांगलं जमे. पुढं त्याच्यावरच मी पोट भरलं.

आता मुख्य गोष्ट. आमच्यात कुळं देवांवरून मोजतात. कुणाचे चार देव, कुणाचे पाच, सहा, सात. ज्यांचे देव सारखे ते भाऊ, त्यांच्यात लग्न म्हणजे सख्ख्या भावाबहिणीचं लग्न. ज्यांचे वेगळे ते सोयरे. आमचे सहा देव. लमसेन्याचं कूळ आमच्या भागात सात देवांत मोजलं जाई, म्हणून तर सोयरीक जुळली होती. परीक्षेच्या आधी वसतिगृहात एकदा असंच कुळांचं बोलणं निघालं आणि तो शेजारच्या खाटेवरचा मुलगा म्हणाला, “ते कूळ? आमच्याकडं तं ते सहा देवांत हाये. तुमचे भाऊ झाले ना बे ते.”

मी विचारलं, “मग लग्न?”

तो हसला. “अबे, काही होत नाई. इकडं येगळं, तिकडं येगळं, हे सगळ्याईले मालूम हाये. मांडव ज्या गावात, मोजनी त्या गावची. आमच्या घरातच अशी दोन लगनं हायेत.”

मी त्याचं पहिलं वाक्य घरी नेलं. दुसरं नेलं नाही.

एवढंच मी केलं. खोटं एक अक्षर बोललो नाही. परीक्षा देऊन घरी आलो, तेव्हा मांडवासाठी बांबू तोडून आणले होते. पंच सपरीत बसले होते, आमचा पुजारी म्हणजे भुमकाही होता. मी उभा राहून म्हणालो, “देवरीकडं हे कूळ सहा देवांत मोजतात. वसतिगृहात एक जण आहे, त्यानं सांगितलं.” गावात मॅट्रिकपर्यंत गेलेला मी एकटाच. कुणी म्हणालं नाही की हा पोट्टा काय सांगून राहिला. भुमक्यानं चिलीम खाली ठेवली.

“पक्कं?”

“त्यांच्याकडं तसंच आहे.”

तेही खरंच होतं.

लमसेना दाराशी बांबू सोलत होता. त्याचा हात थांबला नाही. तो म्हणाला, “सालेबुवा, परीक्षेत हेच पुसलं होतं का?” कुणी हसलं नाही. मग त्याच्याही लक्षात आलं असावं. तो आतल्या घराकडे पाहून पुन्हा बांबू सोलायला लागला, आता त्याची गरज नसतानाही.

पंचांनी ठरवलं, परधान येईल तेव्हा त्याला विचारायचं. परधान म्हणजे आमच्या कुळांची गाणी गाणारा, कोणाचे देव कुठून आले हे ज्याला तोंडपाठ असतं तो. तो आपल्या यजमानांकडे फिरत फिरत येई, कधी दोन वर्षांनी, कधी चार. तोवर लग्न थांबवायचं. लमसेन्याला जायचं असेल तर तो जाऊ शकतो, पण मग हक्क सोडला असं धरलं जाईल. राहायचं तर कामावर राहावं. आणि शंका आहे तोवर पाप नको म्हणून बाईनं त्याला दादा म्हणावं.

मी बाकडे पाहिलं. तो हातावर तंबाखू मळत होता. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मग तंबाखू तोंडात टाकली. नांगर धरायला माणूस राहिला होता, त्याच्यासाठीही आणि माझ्यासाठीही.

दुसऱ्या दिवशी बाईनं मला बोडीवर गाठलं. बोडी म्हणजे आमचं शेतातलं तळं. ती घागर भरत होती. ती म्हणाली, “बाबू, त्या पोरानं एवढंच सांगतलन का?”

“एवढंच.”

“आनखी काही नाई?”

“नाही.”

तिनं घागर डोक्यावर घेतली. मला अजून वाटतं, मी त्या वेळी दुसरं वाक्य सांगितलं असतं तर ती त्याच संध्याकाळी त्याच्याबरोबर निघून गेली असती. आमच्यात पळून जाऊन केलेलं लग्न पुढं दंड भरून मान्य होतं. पण भावाबरोबर पळून जाणारीला कुठंच जागा नसते. तिला भीती पंचांची नव्हती. तो खरंच भाऊ निघाला तर, याची होती. तेवढी भीती मी तिच्या मनात घातली आणि जुलैत नागपूरला गेलो. मला स्टेशनावर सोडायला, माझी पेटी डोक्यावर घेऊन, लमसेनाच आला. चिखलणी चालू होती, त्याचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे होते. गाडी हलताना म्हणाला, “चांगलं शिक. आता माया बी हिस्सा हाये त्याच्यात.” तो टोमणा होता की आशीर्वाद, हे मी ठरवू शकलो नाही. त्या वेळी ठरवायची इच्छाही नव्हती.

नागपुरात मी हुशार ठरलो. सुट्टीत घरी जाणं टाळू लागलो. जेव्हा गेलो तेव्हा पाहिलं, बाई त्याला दादा म्हणत नव्हती. तिनं त्याला हाक मारणंच बंद केलं होतं. ती ताट ठेवी आणि आत जाई. मीठ कमी असो की जास्त, तो काही बोलत नसे. मोहाच्या झाडाखाली झाडलेलं मी पाहिलं, पण फुलं वेचायला आता माय जात होती. मला सालेबुवा म्हणायचंही त्यानं सोडलं होतं.

अशी दोन वर्षं गेली. परधान आला नाही. दुसऱ्या वर्षी रोवणी संपली आणि तो गेला. हे मला मायनं दिवाळीत सांगितलं. शेवटची बांधी रोवून झाली त्या दुपारी त्यानं बैल धुतले, नांगर धुऊन कोठ्यात आडव्या बांबूला टांगला, आणि सगळ्यांच्या देखत आपलं घोंगडं खांद्यावर टाकलं. माय म्हणाली, “जेवून तरी जाय, बापा.” तो म्हणाला, “नाई मामी. जेवलो तं कामाला लागा लागते.” बाई ताट घेऊन दारात उभी होती. तो तिच्या बाजूनं गेला.

“मंग?” मी मायला विचारलं.

“मंग काय. ताट तिनं बैलापुढं ठेवलन.”

त्याच दिवाळीनंतर, मी घरी असतानाच, परधान आला. त्याच सुमारास आमचा भाग मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता आणि गावात त्यावरून थट्टा चालली होती, की काल रात्री झोपलो ते एका राज्यात, उठलो ते दुसऱ्यात. परधानानं आपलं तंतुवाद्य मांडीवर घेतलं, सगळं ऐकून घेतलं आणि असा हसला की त्याला ठसका लागला.

“येवढ्यासाठी पोराले दोन वर्स टांगून ठेवलं? अरे, मांडव जिथं, मोजनी तिथली. देवरीवाले बी हेच मनतील. कोनी सांगतलन तुमाले?”

भुमका माझ्याकडे न पाहता म्हणाला, “शिकलेल्या पोरानं.”

“तं शिकलेल्याले पुसलं, मले नाई पुसलं. बरं झालं. आता गानं बी त्यालेच म्हनू द्या.”

सपरीत सगळे हसले, जरा जास्तच. बा हसला नाही. बाई अंगणात सुपानं धान पाखडत होती. सूप एका लयीत वर जात होतं, खाली येत होतं. ती लय मोडली नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहायला हवं होतं. मी सुपाकडे पाहिलं.

लमसेन्याकडे माणूस पाठवावा असं माय म्हणाली. पंचांनी सांगितलं, तो आपल्या पायानं गेला, हक्क सोडून गेला, रीत ती रीत. पुढच्या उन्हाळ्यात बाईला देवरीकडच्या एका बिजवराला दिली. पहिल्या बायकोची तीन पोरं होती. देज भरपूर आलं. त्यातून बानं गडी ठेवला. म्हणजे तीन वर्षांपूर्वी गड्याशिवाय अडलं होतं ते असं सुटलं.

इथं माझ्या शास्त्राचं दोन ओळींत सांगतो, कारण लोक विचारतात की पुरस्कार नेमका कशाबद्दल. संगणकात अनेक कामं एकाच वेळी चालतात. दोन कामांनी एकाच माहितीला हात घातला की एकाला थांबवावं लागतं, नाहीतर सगळा घोळ होतो. थांबवणं सोपं असतं. अवघड हे, की थांबवलेलं काम विसरलं जाता कामा नये. आज पाळी येईल, उद्या येईल करत ते कायमचं ताटकळत राहता कामा नये. त्यावर मी एक रीत बसवली. परदेशातल्या एका सभेत कुणीतरी मला विचारलं की हे तुम्हाला सुचलं कसं. मी म्हणालो, गणितातून. लोक समाधानी झाले. गणितातून मला खूप काही सुचलं, पण थांबवलेल्याचं पुढं काय होतं हे मी गणितात शिकलो नव्हतो.

आता शेवटचं. हे मी सर्वांत जास्त लपवलं.

एकोणीसशे साठ साली मला मुंबईच्या एका संशोधन संस्थेत जागा मिळाली. तिथं एक यंत्र होतं, खोली भरून, आणि त्याच्यासाठी खोली गार ठेवावी लागे. जाण्याआधी मी बाईला भेटायला निघालो. यावेळी सांगायचंच, असं ठरवून निघालो. सालेकशाला उतरलो तर मालधक्क्यावर तेंदूपानांच्या गोण्या चढवणं चालू होतं, आणि हमालांत तो होता. डोक्यावर गोणी, अंग तेच, फक्त वाळलेलं. त्यानं मला आधी पाहिलं.

“अरे, सालेबुवा!” तो ओरडला. मग गोणी खाली ठेवली आणि अंगावरची धूळ झटकत म्हणाला, “साहेब झाले ना आता तुमी.”

मी म्हणालो, “कसा आहेस?”

“चांगला. बायको हाये. एक पोट्टी हाये.” मग इकडेतिकडे पाहून, आवाज उतरवून म्हणाला, “बाई बरी हाये का?”

“बरी आहे. तिकडंच चाललो.”

“मी पुसलं मनून सांगजा.”

मी हो म्हणालो. मुकादम ओरडला, त्यानं गोणी उचलली.

बाईच्या घरी पोचलो तेव्हा तिची सावत्र पोरं अंगणात मोहफुलं वाळवत होती. तिनं मला पेज दिली, समोर बसली. ती जाडही झाली नव्हती, म्हातारीही नाही; फक्त हळू झाली होती. मुंबई किती दूर, तिथं खायला काय मिळतं, हे विचारून झालं. मग एकदम, जशी काही मधली वर्षं झालीच नव्हती, म्हणाली, “बाबू, तुया त्या दोस्तानं तवा एवढंच सांगतलन का?”

मी हेच सांगायला आलो होतो. वाटेत बैलगाडीत शब्द जुळवले होते. आणि माझ्या तोंडून आलं, “एवढंच.”

ती मान हलवत म्हणाली, “मंग त्याची गलती हाये. अर्धवट होता तो.” आणि उठून तिनं माझ्या पिशवीत वाळलेल्या मोहफुलांचं पुडकं घातलं. मालधक्क्यावरचा निरोपही मी सांगितला नाही. तो सांगितला असता तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

पहिल्या वेळी मला कॉलेज हवं होतं. त्या खोटेपणाला निदान काहीतरी कारण होतं. दुसऱ्या वेळी मला काहीच हवं नव्हतं, फक्त तिच्या नजरेत चांगलं राहायचं होतं. पहिलं मी स्वतःला कधीकधी माफ करतो. दुसरं नाही.

बाईला वाचता येत नाही. तिची धाकटी, पोटची मुलगी शिकली आहे, देवरीच्या शाळेत शिकवते, आणि माझ्याविषयी छापून आलेलं सगळं आईला वाचून दाखवते, असं कळतं. हेही ती वाचून दाखवील. इथवर येऊन तिचा आवाज अडखळला तर तिनं थांबू नये.

नाही, बाई. त्यानं एवढंच सांगितलं नव्हतं. मांडव ज्या गावात, मोजणी त्या गावची, हेही त्यानं सांगितलं होतं, त्याच दमात, हसत. तो अर्धवट नव्हता. आणि सालेकशाच्या मालधक्क्यावर भाटोनं तुझी विचारपूस केली होती.